धुरी

आब्बांच्या वहीत रंगांना नावं आहेत:
जावा, लाखा, मुश्की, चित्ता,
आणि एका अख्ख्या पानावर, दोनदा गिरवलेलं,
धुरी.
म्हणजे पहाटे चुलीतून उठून
कौलांत अडकून राहतो, तो रंग.
पिसाच्या कडेला काळी रेघ,
लुगड्याला काठ असावा तशी.

असील म्हणजे काय, हे आब्बा
तुमचं बोट धरून दाखवत:
तुरा मटाराएवढ्या दाण्यांचा, तीन ओळी, बसका.
डोळा मोत्याचा.
हनुवटीखाली लोंबणारं काही नको.
मांडी चाचपाल तर ओली वीट.
मान आभाळाला, शेपूट भुईला,
पाय असे रोवलेले
की मधून पिल्लू निवांत निघून जाईल.
हे सगळं त्यांनी बांधून आणलं होतं,
वीस वर्षांत, ढालगावच्या या माळावर.
रंग मात्र हाताला लागत नव्हता.

धुरी नर, धुरी तलंग.
एकवीस दिवस डालग्यावर पोतं.
बारा पिल्लं:
सहा धुरी,
तीन काळीकुट्ट,
तीन पांढरट, शाईचं पेन झटकल्यासारखी.
पुन्हा बसवलं. पुन्हा तेच.
मिरजेकडून नर आणला, म्हशीच्या पैशात.
पुन्हा तेच.
पवनचक्क्या आल्यापासून रंग फाटतोय, ते म्हणाले,
आणि डोंगराकडं पाठ करून खुराडं फिरवलं.

काळी आणि शिंतोड्यांची
बाजाराला जात, पाय बांधून, उलटी.
गिऱ्हाईक रंग विचारत नसे.
वजन विचारी.

सांगलीच्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्री
मी मांडीवर नर धरलेला,
आब्बांनी पंख उघडला बल्बखाली
आणि आत, अगदी आत,
एक पांढरं पीस.
"उपटूया?" मी म्हटलं.
त्यांचा हात पुढं गेला, थांबला.
"उगवतं गं."
परीक्षकानं दुसऱ्या दिवशी नेमका तोच पंख उचलला.

मग एकदा चैत्रात
अंजिराबाई ऐवळे पाटी घेऊन दारात.
"मुलाणी, तुमची पिल्लं
आमच्याकडं वाट चुकली का वो?"
पाटीत अकरा.
अकराच्या अकरा धुरी.

आब्बा उकिडवे बसले.
मोजली. परत मोजली.
एकेक उचलून फुंकर घालून लव बघितली.
"माय-बाप कोण?"
"तुमचीच की. बाजारात तुम्ही
अडीचशेला दोन दिलेली.
कापायची म्हणून नेली,
आणि पोरानं नावं ठेवली त्यांना. मग कशी कापणार?"

उकिरड्यावर उभा होता काळा,
आणि शिंतोड्यांची, पांढरट,
राखेत लोळत होती,
डोळा अर्धा मिटून.

त्या रात्री आब्बांनी वही काढली.
कुठल्या साली किती विकली
ते सगळं त्यांनी लिहिलेलं होतंच,
कारण ते सगळंच लिहीत.
मी पलीकडून बघत होते.
आकडे एकाखाली एक मांडले,
खाली रेघ ओढली,
आणि बेरीज न करता
पेनाला टोपण लावलं.

आता आमच्या खुराड्यात काळी आहेत,
शिंतोड्यांची आहेत.
त्यांना प्रदर्शनात जागा नाही,
पुस्तकात तो रंगच नाही.
पिंजऱ्यावरच्या कार्डावर
जात, रंग, वय, मालक एवढेच रकाने.
परवाच्या नराच्या कार्डावर
मालक म्हणून आब्बांनी लिहायला लावलं
अंजिराबाई ऐवळे.
ती आली, नवं पातळ नेसून,
फोटो काढताना नराऐवजी
परीक्षकाकडं बघत राहिली.

कप तिच्या परड्यात आहे.
शिंतोड्यांची त्यातूनच पाणी पिते,
घोटागणिक मान वर करून.
उथळ आहे म्हणे कप,
दुपारपर्यंत दोनदा भरावा लागतो.